नियम सातवा: थट्टा करू नये

नाही, पण मला एक सांगा, माणसाने सगळे नियम पाळायचे, एकूण एक, अगदी बुटाच्या नाडीपर्यंत, आणि नेमके नियम पाळले म्हणूनच जिवावर बेतायचं... याला काय म्हणायचं? आणि लोक काय म्हणतात? "हॅ! असं कुठे असतं का!" असतं! तुम्हाला सांगतो, असतं. आणि मी हे कधी आणि कुणाकडून ऐकलं तेही आधीच सांगून टाकतो, कारण झिगिंशोर शहरात या प्रसंगाच्या निदान चार आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत हेलिकॉप्टर आहे. हेलिकॉप्टर नव्हतं! मी ऐकलं ते दोन हजार दहा सालच्या मे महिन्याच्या चौदा तारखेला, शुक्रवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, सोना मांगा या बाईंकडून, मोटारतळामागच्या त्यांच्या सुक्या मासळीच्या दुकानात. म्हणजे दुकान कसलं, चार फळ्या आणि एक छत्री. चहाचा पहिला पेला कडू झाला, दुसरा बरा झाला, तिसरा गोड पेला ओतत असताना खुद्द लातिर न्दोंग तिथे आला, बाकावर बसला, सगळं ऐकलं आणि त्याने मान हलवली. आता मान हलवणं म्हणजे दुजोरा, की नुसता कंटाळा, हा प्रश्न उरतोच. पण मी दुजोरा धरतो. पुढे जायचं तर काहीतरी धरावं लागतं!

तर हा न्दोंग. एका मदतसंस्थेत प्रवास-सुरक्षा अधिकारी. म्हणजे कुणी कुठल्या रस्त्याने, किती वाजता, काय घालून जायचं, ते हा ठरवणार. त्याच्याकडे एक नकाशा होता, त्यात लाल, नारिंगी आणि पिवळा असे तीन रंग. लाल म्हणजे जाऊच नका, नारिंगी म्हणजे गेलात तर विचार करून जा, आणि पिवळा म्हणजे जा, पण घरी कळवून जा. हिरवा नव्हताच! मी विचारलं, हिरवा का नाही? न्दोंग म्हणाला, "हिरवा दिला आणि काही झालं, तर कोण जबाबदार?" अशा स्वभावाचा माणूस. रानात गेली पंचवीसेक वर्षं बंदूक घेतलेली मंडळी बसलेली, त्यांना कासामान्स, म्हणजे हा दक्षिणेचा मुलूख, वेगळा देश म्हणून हवा, सरकारला तो नको, आणि या दोघांच्या मध्ये जो डांबरी रस्ता जातो त्यावरून तुम्हाआम्हाला बाजार गाठायचा. मग नकाशाला रंग देणारा माणूस लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढे आहे.

या न्दोंगने नियम लिहिले होते. बारा. पाठ्यपुस्तकासारखे छापून, प्लास्टिकमध्ये घालून, प्रत्येकाच्या गळ्यात अडकवलेले. नियम पहिला, अंधारात प्रवास करू नये. नियम तिसरा, पाय झाकणारे मजबूत बूट घालावेत. नियम पाचवा, नजर खाली ठेवावी. नियम नववा, मागतील ते द्यावं. सगळं अगदी शहाणपणाचं, त्यात खोट काढायला जागा नाही. आणि नियम क्रमांक सात काय सांगतो? थट्टा करू नये! ठळक अक्षरात. अधोरेखित. खाली न्दोंगची सही.

मंगळवार, अकरा मार्च, दोन हजार आठ. न्दोंग दियुलुलूच्या रस्त्याला रंग द्यायला निघाला. म्हणजे नारिंगी ठेवायचा की लाल करायचा, ते डोळ्यांनी पाहून ठरवायला. संस्थेची गाडी त्या दिवशी बिघडली होती म्हणून, आणि सामान्य प्रवाशाचा अनुभवही नोंदवता येईल म्हणून, तो मोटारतळावर जाऊन त्या जुन्या सातजणांच्या गाडीत बसला. मागच्या रांगेत. शेजारी सोनाबाई, मांडीवर सुक्या मासळीची टोपली. बाईंनी त्याच्या गळ्यातलं ते प्लास्टिक पाहिलं, मग नकाशा पाहिला, मग त्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे काय रे बाळा?"

"मावशी, हा धोकादायक भाग आहे."

"हा माझा मळा आहे."

"असेल, पण..."

"आणि हे नारिंगी? ही माझी चूल. म्हणजे मी धोक्यात भात लावते आणि विचार करून शिजवते, असं ना?"

सगळी गाडी हसली. ड्रायव्हर बुरामा तर इतका हसला की गाडी बकरीच्या अंगावर जाता जाता राहिली. न्दोंग हसला नाही. त्याने वहीत लिहिलं: बकरी, रस्त्याच्या मधोमध, नऊ पन्नास.

बिन्योना गाव मागे पडलं, लष्कराचं नाकं मागे पडलं, काजूची झाडं सुरू झाली आणि वळणावर आडवं झाड! सोनाबाई म्हणतात तेव्हा दहा वीस झाले होते, न्दोंग म्हणतो दहा सतरा. न्दोंगच्या मनगटावर घड्याळ होतं आणि बाईंच्या मांडीवर टोपली, म्हणून मी दहा सतरा धरतो. झाडामागून पाच जण आले. रानातली मंडळी. बंदुका खऱ्या, चपला प्लास्टिकच्या, आणि म्होरक्या जो होता त्याच्या अंगात फुटबॉलची हिरवी जर्सी, पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन गेलेला.

"उतरा सगळे!"

उतरले. आता गाडीतली बाकीची माणसं बहुतेक जोला जमातीची. बाकी काही असो, रानातली मंडळीही जोलाच, म्हणजे एकमेकांच्या आत्या-मावशा माहीत. एकाने बंदुकीच्या नळीने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि विचारलं, "मावशी, ताजी आहे का?"

"सुकी मासळी आहे रे, सुकी ताजी कशी असेल? आईने काय शिकवलं तुला?"

तो लाजला. तुम्हाला सांगतो, हातात बंदूक असलेला माणूस लाजला! आणि न्दोंग? न्दोंग नियम पाचवा. नजर खाली, स्वतःच्या बुटांकडे. बूट नवे, घोट्याच्या वर येणारे, नियम तिसरा. सगळं कागदाप्रमाणे.

जर्सीवाल्याने ओळखपत्रं गोळा केली. एकेक वाचतो, परत देतो. वाचतो, देतो. आणि एका ओळखपत्राशी थांबला. त्याने ते वर धरलं, लांब धरलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, असा उजळला, जसं काही हरवलेलं मेंढरू सापडलं.

"न्दोंग! लातिर न्दोंग! जन्म फातिकजवळ! अरे पोरांनो, इकडे या, हा सेरेर आहे! हा तर माझा गुलाम!"

आता होडीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे, तरी ज्यांनी लहानपणी लक्ष दिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून निघाल्या, वादळ आलं, होडी मधोमध फुटली. एक बहीण दक्षिणेला वाहत आली, तिचे वंशज जोला. दुसरी उत्तरेला गेली, तिचे सेरेर. तेव्हापासून जोला आणि सेरेर हे थट्टेचे भाऊबंद. भेटले की पहिलं काम एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, होडी तुझ्याच आजीमुळे फुटली म्हणायचं. त्याने रागवायचं नाही, रक्त तर सांडायचंच नाही, उलट वरचढ शिवी हासडायची. याला शेकडो वर्षांची चाल आहे. बाजारात चालते, कचेरीत चालते, मयतात तर चालतेच चालते. ती न्दोंगला ठाऊक नव्हती का? अहो, पाठ होती! त्याच्या आजीने त्याला अंगाईऐवजी जोलांच्या शिव्या म्हणून झोपवलेलं! पण नियम क्रमांक सात काय सांगतो? थट्टा करू नये!

"काय रे बाजरीखाऊ!" जर्सीवाला सुरू झाला. "घोड्याच्या तोबऱ्यातलं खाऊन इतका उंच झालास होय? मालकाला नमस्कार नाही?"

न्दोंग गप्प. नजर बुटांवर.

"तुझ्या आजीने मडकी भरून बाजरी घेतली नसती, तर होडी फुटली असती का? बोल!"

गप्प. आतून कसा होता म्हणता? त्याने मला स्वतः सांगितलं, आणि हे सांगताना मान नव्हती हलवली, तोंडाने सांगितलं. घशाशी आलेलं सगळं, जिभेच्या टोकावर आजी येऊन बसलेली, कंबरेवर हात ठेवून, म्हणतेय, "अरे बोल की मेल्या!" आणि तिच्यावर बूच मारल्यासारखा तो नियम सातवा. त्याच्या डोक्यात एकच हिशेब. बंदूक असलेल्या माणसासमोर विनोद करून मेलेल्यांचं उदाहरण त्याच्याकडे होतं. गप्प बसून मेलेल्याचं एकही नव्हतं. पुरावा गप्प बसण्याच्या बाजूने!

तिसरी शिवी आली, चौथी आली. पाचवीला जर्सीवाल्याचा आवाज बदलला. तो हळू म्हणाला:

"सेरेर असून गप्प?"

मागचा एक म्हणाला, "दादा, सेरेर गप्प बसत नाही. माझ्या मामीचा बाप सेरेर, तो झोपेतसुद्धा मला गुलाम म्हणतो."

"मग हे ओळखपत्र याचं नाही."

"डाकारच्या सरकारने पाठवलाय. वही बघ, सगळं लिहून घेतलंय. हेर आहे."

आणि वहीत काय होतं? नाकं किती वाजता, सैनिक किती, बकरी कुठे! मी म्हणतो, वाचणाऱ्याने काय समजायचं? दोघांनी न्दोंगचे दंड धरले आणि त्याला काजूच्या झाडांकडे चालवलं. बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज आला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, यावर चारही आवृत्त्यांचं एकमत आहे.

तेव्हा सोनाबाई ओरडल्या. टोपली टाकून ओरडल्या.

"अरे शिव्या दे रे! बाळा, शिव्या दे त्याला!"

बुरामा ड्रायव्हर हात जोडून म्हणतोय, "साहेब, द्या हो एक शिवी, काय जातंय तुमचं! घरी पोरं आहेत माझी!"

गाडीतले सगळे सुरू. "द्या साहेब, एक तरी द्या!" तुम्ही कधी ऐकलंय का, सहा माणसं रस्त्यात उभी राहून एकाला विनवताहेत, की बाबा, बंदूकवाल्याला शिवी दे? आणि न्दोंग थांबला. त्याने मान वर केली. नियम पाचवा तिथेच मोडला. घसा खाकरला आणि म्हणाला:

"महाशय... आपण भात अंमळ जास्त खाता, असं माझं नम्र मत आहे."

"ही शिवी?" जर्सीवाला किंचाळला. "ही शिवी आहे? अरे, हा तर अर्ज आहे!"

"तालीम नाही हो त्याला!" सोनाबाई मधे पडल्या. "डाकारमध्ये वाढलाय, खुर्चीत बसतो! आजीला आठव रे, आजीला!"

आणि आजी हा शब्द कानावर पडला मात्र, बूच उडालं! "भात?" न्दोंग म्हणाला. "तुम्ही भात खाता? भात तुम्हाला खातो! तुमच्यात माणूस मेला की आधी पातेल्यात पाहतात, तळाशी सापडतो का! आणि गुलाम कोण? मी? अरे, तुझा आजा ताडी काढायला झाडावर चढला तो अजून उतरलेला नाही, खालून बायको जेवायला हाका मारतेय आणि हा वर म्हणतोय, आता एवढं मडकं भरलं की आलोच! आणि माझ्या आजीची मडकी? माझ्या आजीने मडकी घेतली होती, तुझ्या आजीने घरच घेतलं होतं, चुलीसकट, डुकरासकट, आणि होडीच्या मध्यावर बसून म्हणाली, इथेच भात लावते, पाणी आहे!" सोनाबाई सांगतात, तो थांबेचना, हात उडताहेत, नियमांच्या प्लास्टिकची दोरी मानेभोवती गरगरतेय, बंदूकवाले मागे सरकताहेत, आणि त्या भरात, अगदी त्या भरात, तो म्हणाला:

"आधी होडी फोडलीत, आता देश फोडताय! घराण्याची सवयच ती!"

...

तुम्हाला सांगतो, मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पेला तसाच राहिला. कारण ही नुसती भाऊबंदकीची थट्टा नव्हती. याच वाक्यासाठी, याहून मऊ शब्दांत म्हटलेल्या याच वाक्यासाठी, त्या रानात दोन्ही बाजूंची माणसं पुरली गेलीत. काजूच्या झाडावर एक पक्षी होता, तोसुद्धा गप्प झाला असं बाई म्हणतात. पक्ष्याचं मी नोंदवतो, धरत नाही. न्दोंगला आपण काय बोललो ते कळलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तो नियम आला, ठळक, अधोरेखित, खाली स्वतःची सही.

जर्सीवाला त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या खांद्याला कंप सुटला. मग पोटाला. मग तो खाली बसला, बंदूक मांडीवर आडवी, आणि डोळे पुसत म्हणाला, "सेरेरच आहे. याच्या आईशप्पथ सेरेर आहे! दुसऱ्या कुणाची छाती आहे रे हे बोलायची? दुसरा कुणी बोलला असता तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती.

मग काय, मग भाऊबंदांचे हक्क सुरू झाले. जर्सीवाला म्हणाला, "गुलामाला असले बूट शोभत नाहीत, काढ." नियम नववा, मागतील ते द्यावं, न्दोंगने दिले. पण मग न्दोंग म्हणाला, "मालकाच्या घरातून नोकर उपाशी जातो का?" आणि आडव्या झाडामागे त्यांचं पातेलं होतं, त्यात हात घालून चांगले दोन घास भात आणि मासा खाल्ला, अनवाणी उभं राहून, आणि वर म्हणाला, "लिंबू कमी आहे." झाड बाजूला झालं. गाडी निघताना जर्सीवाला ओरडला, "तुझ्या मयताला येईन रे बाजरीखाऊ! तुझ्या खड्ड्यात झोपेन!"

खिडकीतून डोकं काढून न्दोंग ओरडला, "आधी माझ्या बापाच्या ये! तो म्हातारा आहे, पाळी त्याची आहे!"

यावर लोक टाळ्या वाजवतात. वाजवा. पण मी एक सांगतो, मला टाळी वाजवता येत नाही. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर आणखी एक गाडी थांबवली गेली आणि त्या गाडीत कुणाचाच भाऊबंद नव्हता. न्दोंगने रस्ता लाल केला तो त्यासाठी. वरिष्ठांनी डाकारहून विचारलं, "आपण सुखरूप कसे सुटलात?" त्याने खरं लिहिलं. शिव्यांसकट. उत्तर आलं: "ही पद्धत परदेशी पाहुण्यांना शिकवता येईल काय?" आता बोला! आडनाव कुठून आणायचं त्यांनी? होडीत त्यांची आजी होती का? म्हणून नियमावली तशीच राहिली, बाराच्या बारा. नियम क्रमांक सात काय सांगतो? थट्टा करू नये!

इथे संपलं असतं तर मी कुरकुर केली नसती. पण दोन हजार दहाच्या जानेवारीत न्दोंगचे वडील गेले. फातिकजवळच्या गावी दफन. सगळं गाव जमलेलं, खड्डा तयार, आणि शव आणलं तर खड्ड्यात एक माणूस! आडवा पडलेला, हात छातीवर, डोळे मिटलेले. म्हणतो, "ही जागा माझी आहे, मी आधी आलो. म्हातारा जन्मभर माझा गुलाम होता, आता माझ्या अंथरुणात झोपणार होय? कोंबडा आणा, मग उठतो!" आता यात नवल काही नाही, जोला भाऊबंदाने सेरेराच्या मयतात हेच करायचं असतं. रडणारी माणसं हसली, हसता हसता पुन्हा रडली, कोंबडा आणला, माणूस उठला. दाढी वाढलेली. अंगात बाहीचा सदरा. पायात घोट्याच्या वर येणारे बूट, पण सगळे मातीने भरलेले.

न्दोंग त्याच्याकडे पाहत राहिला. आणि तुम्हाला सांगतो, त्याच्यातला अधिकारी तेव्हा जागा झाला. हा तोच जर्सीवाला असेल, तर हा इथवर आला कसा? दक्षिणेच्या रानातून फातिकपर्यंत, एका म्हाताऱ्याच्या खड्ड्यात झोपायला! वाटेत नाकी किती, ओळखपत्रं किती वेळा, यादीत नाव असेल तर? एका थट्टेपायी या माणसाने किती लाल ओलांडलं? आणि परत कसा जाणार? विचारावं तर विचारता येईना, कारण चार हातांवर बाभळीखाली दोन पोलीस जेवत होते, तेही मयताला आलेले. न्दोंग कोंबडा द्यायला वाकला, त्याच्या कानाशी लागला आणि पुटपुटला:

"नदीच्या पुलाजवळच्या नाक्यावर सार्जंट आमच्यातला आहे, सेरेर. गप्प बसू नकोस. नजर खाली घालू नकोस. त्याने ओळखपत्र मागितलं की आधी त्याच्या आजीवर घसर."

तो माणूस म्हणाला, "मला शिकवतोस होय, गुलामा?" कोंबडा काखेत मारला आणि चालू लागला.

एवढं सोनाबाईंनी सांगितलं, आणि एवढ्यावर न्दोंगने मान हलवली. मग मी त्याला सरळ विचारलं. तो तोच होता का? ते बूट तेच होते का, तुमचे, बेचाळीस नंबरचे? आणि पुलापलीकडे तो धड पोचला का? न्दोंगने पेल्यातला शेवटचा गोड घोट घेतला, पेला उलटा करून ठेवला, रस्त्याकडे पाहिलं. बुटांवर माती फार होती, म्हणाला. दाढीही फार होती. नदीकडून त्या आठवड्यात काही वाईट कानावर आलं नाही, एवढंच. तेव्हा हा एक भाग मला आजवर पडताळता आलेला नाही, आणि तसं मी स्पष्ट नमूद करतो. पुलाजवळच्या त्या सार्जंटला जाऊन विचारावं असंही मनात आलं होतं. पण एक तर मी जोला नाही, सेरेरही नाही, होडीत माझं कुणीच नव्हतं... आणि दुसरं म्हणजे, माझ्या गळ्यातही ते प्लास्टिक आहे. त्यात नियम क्रमांक सात काय सांगतो, ते आता तुम्हाला पाठ झालंच असेल.